बिरूची डबी

"हॅलो? … हां गुरूदादा, बोला, ऋतुजाच. … नाही हो, कुठली झोप! आज पाणी सुटलंय. पाचव्या दिवशी. आई पहाटेपासून पिंपं भरतेय. मोटारीच्या आवाजात मी ओरडतेय, तुम्ही नका ओरडू. … हां. … यादी मिळाली ना काल? … हसताय काय? … हसा. चार पानं झालीत ते मलाही दिसतंय. … नाही, उपग्रह सोडायचा नाहीये. आईला टीव्हीवर दादा दाखवायचाय, एवढंच."

पलीकडचं हसू थांबलं. ऋतुजानं समोरच्या कागदावर उगाच एक रेघ ओढली.

जुळे सोलापुरातल्या त्या लहानशा फ्लॅटमध्ये आता दोघीच राहत होत्या, ऋतुजा आणि तिची आई चिमाबाई. थोरला बिरुदेव लग्नांचं, जत्रांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. गेल्या फाल्गुनात मंगळवेढ्याच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीखाली गेली. ट्रॉलीला मागचा दिवा नव्हता. येत्या रविवारी त्याला वर्ष होत होतं. गावाकडची माणसं येणार होती, आणि बिरू सगळ्यांना टीव्हीवर दाखवायचा असं आईनं फोन करकरून सांगून ठेवलं होतं. गुरुशांत हा बिरूचा शाळेपासूनचा दोस्त. नव्या पेठेत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. ऋतुजाचं शिक्षण एम.एस्सी., नोकरी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत. कुठलीही गोष्ट दोनदा मोजल्याशिवाय तिला झोप यायची नाही.

"बरं, आधी मशीन. … नाही, सहाव्या पिढीचा प्रोसेसर नको. … अहो सांगितलं की! दादाच्या नव्या कॅमेऱ्याच्या फायली दहा-बिटच्या आहेत. सहाव्याला त्या झेपत नाहीत, चित्र अडखळतं. आठव्या पिढीचा एखादा मिनी पीसी, ऑफिसातनं निघालेला… हां, तोच. वापरलेला चालेल की. फक्त पंखा बदलून घ्या. लई आवाज नको. हॉलमध्येच राहणार आहे तो. … नाही, तयार स्टोरेजचा डबा नको. बघितलं मी. त्यातला प्रोसेसर अगदीच मरतुकडा असतो, फायली साठवेल, पण दाखवायच्या वेळी बसेल गळा काढून. … हो, तुलना केलीय. सात मॉडेलांची. … तक्ता पाठवू? … बरं, नाही पाठवत."

स्वयंपाकघराच्या मागच्या बाल्कनीत पिंप भरून वाहिल्याचा आवाज झाला. "नळ! आई, नळ बघ!" असं ती फोन बाजूला धरून ओरडली.

"हां, बोला. … नाही, टीव्हीला नुसती दादाची हार्ड डिस्क लावून चालत नाही. भाऊबीजेला लावून बघितली होती मी. जुना टीव्ही आहे, आवाज येतो, चित्र काळं. नुसता दादाचा आवाज. आई म्हणाली, दिवा लाव की, अंधारात बसलाय त्यो. … हो. … म्हणून प्लेअर वेगळा हवा. छोटा बॉक्स, टीव्हीच्या मागं चिकटवायचा. आणि त्याला त्या फायली जशाच्या तशा चालवता आल्या पाहिजेत. म्हणजे मशीनवर ताण नाही. … वाय-फाय नको, केबल टाकू. दहा मीटर. … मोजलंय, साडेआठ भरतं, वळणं धरून दहा. … आणि रिमोटला बटणं कमी. आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. एक बटण दाबलं की दादा दिसला पाहिजे. …"

पलीकडून काहीतरी लांबलचक विचारलं जात होतं.

"चारशे बारा. … हो, चारशे बारा फायली. पण त्यातल्या अकराच फायलींत तो स्वतः आहे. बाकी सगळीकडं कॅमेऱ्यामागं. 'ए म्हातारं, हिकडं बघ की' असा नुसता आवाज. … मोजलंय हो, भाऊबीजेआधी ऑफिसच्या लॅपटॉपवर बघून. चौदा मिनिटं वीस सेकंद. एवढाच दिसतो तो. हुलजंतीच्या जत्रेत ढोल वाजवताना एक आहे, तुम्हीच कॅमेरा धरला होता म्हणे. हलतोय सगळा. … नाही, चांगला आहे. सगळ्यात चांगला तोच आहे, गुरूदादा."

"… फोनमधलं फोनबरोबर गेलं. तो फोनच सापडला नाही धड. व्हॉट्सअॅपवर आहेत ते सतरा-अठरा सेकंदांचे, धुरकट. एकात नुसती पाठ आहे."

मग ती डिस्कांवर आली तेव्हा तिचा आवाज पुन्हा घट्ट झाला. आकड्यांत शिरलं की तिला बरं वाटायचं. वर्षभर ती असंच करत आली होती.

"दोन डिस्क, एकीचं दुसरीत आपोआप उतरणाऱ्या. … अहो, त्याला बॅकअप नाही म्हणत! एकीतली फाईल चुकून पुसली तर दुसरीतली पण पुसली जाते. म्हणून तिसरी वेगळी, आणि ती तुमच्या दुकानात ठेवायची. … आग लागली तर? भूकंप आला तर? … का नाही येणार? किल्लारी काय लंडनला आहे का? … हसू नका. … आणि यूपीएस. वीज गेली की डिस्क दणका खाते."

यावेळी पलीकडचा माणूस हसला नसावा. ऋतुजा ऐकत राहिली, आणि तिची मान हळूहळू खाली गेली.

"हो. … हो, माहितेय. … चार महिने झाले. … तुम्ही भाऊबीजेलाच म्हणाला होता, आधी कशावर तरी कॉपी मार, मग बस निवडत. … मारणारच होते. ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये घरचं काही उतरवू देत नाहीत. दुसरी डिस्क घ्यायची तर म्हटलं यादीतलीच घ्यावी, उगाच दोनदा कशाला. एकदाच करू, पण नीट करू. … नाही, तुमचं बरोबर होतं. … बरं, बरं, ऐकलं. आजच करू. तुमच्या दुकानातला शिवकुमार किती वाजता निघतोय पुण्याला सामान आणायला? … बाराच्या गाडीनं. म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत सामान हातात. मंगळवार-बुधवार कॉपी. शनिवारी एकदा चालवून बघायचं. होतंय की. … डिस्क आत्ताच आणून देऊ दुकानात? … आणते. … पिन कुठली आहे? जुनी रुंदवाली, का नवी? … थांबा, बघून सांगते. आईकडं आहे, लॉकरमध्ये. ठेवू नका हं फोन."

तिनं फोन खांद्यानं कानाशी दाबून धरला आणि कपाट उघडलं. लॉकरमध्ये आईचं डोरलं होतं, रेशनकार्ड होतं, बिरूचा मृत्यूचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. डिस्क नव्हती. तिनं साड्यांखाली हात घातला.

"एक मिनिट हं. … नाही, इथंच असणार. भाऊबीजेला मीच तिच्या हातात दिली होती, जपून ठेव म्हणून. … आई! आई, ती डबी कुठं ठेवलीस? दादाची डबी!"

मोटारीच्या घरघरीतून आईचा आवाज आला.

"देवात हाय की!"

"देवात?"

"व्हय! लॉकरात कशाला कोंडायचं त्याला?"

"… देवघरात ठेवलीय म्हणे. … हो, आईच ती. एका अर्थी सुरक्षितच, तिथं कुणी हात लावत नाही. … नाही, मी नाही करत पूजा. तिचं ती करते, मी तेव्हा बसस्टॉपवर असते, आणि रविवारी अंथरुणात. … थांबा, काढते."

देवघर म्हणजे स्वयंपाकघराच्या भिंतीत ठोकलेली लाकडी फळी आणि पुढं एक छोटा पडदा. पडदा सरकवला तसा आंबूस वास आला. पाटावर खंडोबाचा चांदीचा टाक, बिरोबाचा टाक, खाली घरातल्या गेलेल्या माणसांचे टाक, आजोबांचा आणि लहानपणीच गेलेल्या एका चुलत्याचा. त्यांच्या शेजारी लाल खणाच्या तुकड्यावर ती काळी डिस्क उभी होती. तिला कुंकू लावलेलं होतं, भंडारा उधळलेला होता, वर झेंडूचं एक ताजं फूल होतं. खण ओला होता.

ऋतुजानं डिस्क उचलली. बोटं चिकटली.

"… हॅलो. … हो, सापडली. … गुरूदादा, ही ओली आहे."

"… माहीत नाही. चिकट आहे. … पिन जुनी रुंदवाली आहे. आत भंडारा बसलाय. हळद. … नाही, थोडा नाही. भरलीय ती पूर्ण. … नाही लावत. … अहो, नाही लावत वीज, मला कळतं तेवढं! … तिरकी केली. थांबा. … गळतंय. पांढरं. …"

तिनं बोट नाकाशी नेलं. प्रयोगशाळेत हे करायची बंदी होती, पण आत्ता तिला दुसरं काही सुचलं नाही.

"दही आहे."

पलीकडून येणारा आवाज एवढा मोठा होता की तिनं फोन कानापासून दूर धरला. मोटार बंद झाली होती. आई ओचा पिळत दारात आली. पाणी भरून दमली होती, पण आज चेहरा मोकळा होता. पाणी आलं होतं, रविवार होता, देव न्हाले होते.

ऋतुजानं फोन छातीशी धरला. अगदी साध्या आवाजात, जणू भाजीत मीठ घातलं का असं विचारावं तसं, तिनं विचारलं, "आई, याला पण अंघोळ घालतेस?"

"मग? समद्यांस्नी घालायची, आन त्यालाच कोरडं ठिवायचं व्हय?"

"रोज?"

"रोज कसलं! रविवारचं. ताम्हनात घ्यायचं, दूध, दही, तूप, मध, साकर, मग चांगलं पानी. तुजं चुलतं म्हनत्यात, वरीस झाल्याबिगर टाक घडवायचा न्हाय. लगीन न झालेल्याचं तर लई विचारून करायचं म्हनत्यात. तवर त्येची जागा मोकळी ठिवू? डबीत हाय ना त्यो बोलता-चालता? मग टाकापरीस बरा की."

"हो."

"सोनारापास्नं आनल्याली चांदी ती. ही तर त्येनं सोत्ता भरल्याली हाय." आईनं पदरानं कपाळ पुसलं. "चला, अजून दोन पिंपं हायती. पानी जाईल."

ती गेली. मोटार पुन्हा सुरू झाली.

"… हॅलो. … ऐकलंत? … भाऊबीजेपासून. थांबा. …" ती पुटपुटत मोजत राहिली. "सोळा. सोळा रविवार. … पंचामृत. मग पाणी. … नाही हो, तिला वेडी नका म्हणू. … नाही, तुम्ही म्हणाला नाहीत, माहितेय. … तिला सगळं कळतं. टाक नव्हता म्हणून ठेवली तिनं."

"… बाहेरचं कवच? हो, प्लॅस्टिकचं आहे. … आतली डिस्क वेगळी बंद असते, बरोबर. कदाचित बाहेरच्या बाहेर राहिलं असेल. … उघडू? … पातळ सुरी आहे. स्क्रूला हात नाही लावत. नुसतं कवच. … थांबा, फोन स्पीकरवर… नको. आई आहे. कानालाच धरते."

टेबलावर त्या चार पानांपैकी एक तिनं पालथं पसरलं आणि त्यावर डिस्क ठेवली. सुरीचं टोक फटीत घालून ती कडेकडेनं फिरवत गेली. कच् असा आवाज झाला आणि कवच सुटलं. पिवळट पाण्याचा एक ओघळ कागदावर पसरला.

"उघडलं. … सांगते. वरचं लेबल सुटून आलंय. सर्किटवर हिरवं चढलंय, पिनांपाशी जास्त. … हो, हवेचं एक छिद्र आहे. बारीक. शेजारी लिहिलंय, हे झाकू नका. … झाकलं गेलंय. साय आहे त्यावर, वाळलेली, पिवळी. आणि…"

ती जवळ वाकली.

"मुंग्या आहेत. … मेलेल्या. छिद्राच्या भोवती. मधाला आल्या असतील. … नाही, आत गेल्यात का ते कसं दिसणार? … डिस्क हळूच कानाशी धरू? … धरली. …"

मोटारीच्या घरघरीत ऐकू येणं कठीण होतं. तिनं दुसऱ्या कानात बोट घातलं, डोळे मिटले.

"आत पाणी हलतंय, गुरूदादा."

तिनं डिस्क पुन्हा कागदावर ठेवली. मग तिनं विचारलं:

"शक्यता किती? … नाही, 'बघू' नको. टक्क्यात सांगा. … बिघडलेल्या डिस्कमधलं परत काढून देणाऱ्या पुण्याच्या त्या लॅबचं सांगा, तुमचं नाही. … दहा? … तुम्ही दहा म्हणताय म्हणजे पाच. … आतल्या तबकड्यांवर गंज धरला तर शून्य. बरोबर. सोळा आठवडे म्हणजे धरलाच असणार. … तांदळात ठेवू? … का नाही? … हां. … हां, बरोबर आहे, वाळलं की साखर तबकडीवर पक्की बसेल. मलाच सुचायला हवं होतं. ओल्या फडक्यात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात. … बाराच्या आत आणते. शिवकुमारला म्हणावं, मांडीवर ठेवून ने. वर सामानात नको."

"… दोन-तीन महिने? … म्हणजे रविवारी नाहीच. … नाही, तुमच्याकडं असेल काही असं वाटलं होतं. त्याच्या जुन्या कार्डांवर? … हो, पुसूनच वापरायचा तो. मला ओरडायचा, कार्ड म्हणजे पाटी असते म्हणायचा. …"

"… नका ना असं म्हणू. … नाही, त्यात तुमचं काय? तुम्ही तर सांगितलं होतं. … एका केबलचं काम होतं. दुपारभराचं. मी तक्ते करत होते."

मोटार बंद झाली. अचानक घर एवढं शांत झालं की तिला फोनमधून नव्या पेठेतल्या रिक्षांचे हॉर्न ऐकू आले.

आई हात पुसत आली आणि टेबलापाशी थबकली. काळ्या कवचाचे दोन तुकडे एकीकडं, आतली धातूची पाटी एकीकडं, कागदावर पिवळं डबकं. तिनं आधी ते पाहिलं, मग ऋतुजाकडं.

"ह्ये काय क्येलंस?"

फोनमधून गुरुशांत काहीतरी विचारत होता. ऋतुजानं फोन कानापासून काढला, पण बंद केला नाही.

"पडली, आई."

"कशी पडली?"

"देवातनं काढताना. हातातनं सटकली. फरशीवर."

आई जवळ आली. तिनं तुकड्यांना हात लावला नाही.

"आन आतलं?"

"बिघडलं असणार."

"रविवारी?"

"नाही दिसणार, आई. नंतर पण… बहुतेक नाही."

आईनं खुर्चीच्या पाठीला धरलं. ती बसेल असं ऋतुजाला वाटलं, पण ती उभीच राहिली.

"चार म्हैनं नुसतं लिवत बसलीस," ती हळू आवाजात म्हणाली. "ह्यो आनू का त्यो आनू. माजा भाऊ येनार, गावची मानसं येनार. मी त्यास्नी म्हनलंय, बिरू दाखवते. आता काय दाखवू? … माज्या हातात हुता तवर धड हुता त्यो."

"हो, आई."

"धड हुता."

"हो."

आई वळली, देवघरापाशी गेली. खणाचा ओला तुकडा तिनं उचलला, पिळला आणि बाल्कनीत वाळत घालायला घेऊन गेली.

"… हॅलो. … आहे मी. … ऐकलंत सगळं. … नाही, नाही सांगायचं. तिला पण नाही, मामाला पण नाही. अंघोळीचा शब्द कुठं काढायचा नाही. … का म्हणजे? वर्षभर तिला तेवढंच होतं करायला. तिला कळलं तर ती… नाही. ऋतुजानं पाडली. संपलं. … पूर्ण खोटं कुठं आहे? माझ्याच हातनं गेलीय ती."

"… मशीन? … नको. प्लेअर पण नको. एक साधी डिस्क तेवढी आणायला सांगा, लहानातली कुठलीही. … कुठलीही हो, मॉडेल नका विचारू. लॅबमधनं काही निघालंच तर भरून द्यायला काहीतरी लागेल ना त्यांना. … नाही, रडत नाहीये ती. … माझ्याशी बोलत नाहीये."

बाल्कनीत आईनं पिंपावर झाकण ठेवल्याचा आवाज आला. ऋतुजानं ओलं फडकं घेतलं आणि धातूची ती पाटी त्यात गुंडाळायला लागली, एका हातानं, सावकाश.

"रिक्षानं येते, अर्ध्या तासात. … हलवत नाही. … गुरूदादा, एक काम करा. रविवारी याल ना, तेव्हा आईसमोर मला बोला जरा. निष्काळजी म्हणून, शिकून काय उपयोग झाला म्हणून, काय वाटेल ते. … नाही, खरंच बोला. तुम्ही दोस्त त्याचा, तुम्ही गप्प बसलात तर तिला शंका येईल. … जमेल. जमवायचं. … बोलाल ना? … बघा हं, आवाज चढवून बोला. … ठेवते."